उन्हात ठेवलेला फ्रीज

आमच्या मोहल्ल्यात थंडी पडली हे कॅलेंडर पाहून कळत नाही, कुंताबाईच्या अंगणातल्या धुरावरून कळतं. नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून आमचं गाव आहे. समोर तलाव. पौषात पहाटे तलावावरून वारा सुटला की बादलीतलं पाणी हाताला चावतं. नागपूरचे पाहुणे म्हणतात, विदर्भात कुठली आली थंडी! त्यांना मी सांगते, एक रात्र मुक्काम करा आणि सकाळी अंगणातल्या टाकीच्या पाण्यानं आंघोळ करून दाखवा. अजून कोणी दाखवलेली नाही.

मी कौशल्या. माझं घर कुंताबाईच्या बरोबर समोर. तिच्याबद्दल बोलायचा हक्क मोहल्ल्यात कोणाचा असेल तर तो माझा, कारण लग्न होऊन आल्यापासून मी तिचं गरम पाणी वापरलं आणि त्या पाण्यासोबतचे टोमणेही ऐकले.

कुंताबाईकडे भुशाची शेगडी होती. तेलाचा मोठा रिकामा डबा, खाली एक भोक, मधोमध बाटली उभी करायची आणि तिच्याभोवती राइस मिलमधला धानाचा भुसा दांड्यानं ठासून भरायचा. मग बाटली अलगद काढून घ्यायची. खालच्या भोकातून एक काडी सरकवून पेटवलं की तो भुसा दुपारपर्यंत धुमसत राहायचा. वर पाण्याचा गंज, म्हणजे हे एवढं मोठं पातेलं. भुसा तिचा नवरा मारोतराव तुमसरहून आणायचा. शेगड्या इतरांनीही करून पाहिल्या. कोणाचा भुसा ढासळला, कोणाचा नुसताच धुरला. कुंताबाईची शेगडी कधी विझली नाही, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरूही देत नसे.

सकाळी सगळ्या बायका कळशीसारखी गुंडी घेऊन तिच्या अंगणात. पाणी भरायचं, दोन घटका शेकत बसायचं. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या घरी भांडण झालं, हे आधी त्या शेगडीला कळायचं आणि मग त्या घराला. कुंताबाई पाणी द्यायची तेही राणी खिरापत वाटते तसं. “घे वो, घे. तुह्या घरी काय सायपाकालेच आग पुरत नाई.” घ्यायचं आणि हसायचं. गरम पाणी हवं तर दुसरं काय करणार?

आणि तिचे हात. मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला आणि प्रत्येक लेकराला पहिली आंघोळ कुंताबाईनं घातलेली. पाण्यात निरगुडीचा पाला टाकून आणायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची, आणि ते बाळ तासाभरात असं झोपायचं की आईला भूक लागायची. माझ्या दोन्ही लेकरांना तिनंच न्हाऊ घातलं. मला ते कधी जमलं नाही. तिच्या मांडीवर माझं बाळ गप्प व्हायचं आणि माझ्याकडे आलं की भोकाड पसरायचं, तेव्हा मला तिचा जो राग यायचा तो मी कोणाला सांगितलेला नाही. पण पाणी तिचं, हात तिचे, मान तिचा. असं सगळं बरं चाललं होतं.

तिच्या घराला लागून उत्तरेला सुशीलाबाईचं घर, मधली भिंत एकच, आणि समोरच्या दोन अंगणांमध्ये कुंपण. दोघी चुलत जावा. सुशीलाबाईचा नवरा देवाजी तुमसरला राइस मिलमध्ये, मुलगा भुपेंद्र तिथंच एका फॅब्रिकेशनच्या दुकानात. दोघं सकाळी मोटारसायकलवर जातात ते अंधार पडल्यावर येतात. सुशीलाबाई बोलायला मऊ, पण मनात धरून ठेवणारी. कुंताबाईच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहायची तेव्हा तिची मान खाली असायची. ती खाली पाहत नव्हती, मोजत होती, असं मला आता वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर भुपेंद्रनं भंगारातला एक फ्रीज घरी आणला. आम्हाला वाटलं, आता बर्फ मिळणार. तर त्यानं तो फ्रीज अंगणात लोखंडी घोडीवर आडवा टाकला, दार उखडून फेकलं, आतले कप्पे काढले. आत एक पत्र्याची लांब टाकी बसवली, काळ्या रंगानं माखली. वरून खिडकीची जुनी काच लावली आणि सगळ्या फटी बुजवल्या. एका बाजूनं पाणी आत, दुसऱ्या बाजूला तोटी.

“फ्रीज थंड काहून ठेवते? त्याच्या भिंतीतून गरमी आत जात नाई म्हणून,” भुपेंद्रनं आम्हा बायकांना समजावलं. “तं बाहेरबी जात नाई. काचेतून ऊन आत शिरलं का अडकलं. ना लाकूड, ना लाइट.”

कुंताबाई कुंपणापलीकडून म्हणाली, “फ्रीजमंदी पानी गरम करून राहिला माहा पुतन्या! उद्या चुलीवर बर्फ लावजो.”

आम्ही सगळ्या हसलो. संध्याकाळी मात्र हसू बंद झालं. धानाची कापणी चालू होती. दिवसभर कापून आलं की अंगाला धानाची कुसळं टोचतात, मान-पाठ नुसती खाजते. सुशीलाबाईनं हाक मारली, “कौशल्या, गुंडी घेऊन ये.” तोटी सोडली तर पाण्याची वाफ निघाली. त्या संध्याकाळी मी डोक्यावरून ऊन पाणी घेतलं आणि कितीतरी वेळ न्हाणीतून बाहेरच आले नाही. संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ हा प्रकार आमच्याकडे नव्हताच. शेगडी सकाळची, आंघोळ सकाळची.

आठ दिवसांत मोहल्ल्याची आंघोळच संध्याकाळवर गेली. मग सुशीलाबाई रात्री काचेवर जुन्या गोधड्या टाकू लागली, तर सकाळीही पाणी बऱ्यापैकी ऊन. आता तिच्या अंगणात गुंड्या, तिच्या अंगणात गप्पा. कोणाच्या सुनेला दिवस गेले हे आता फ्रीजला आधी कळू लागलं. सुशीलाबाईची मान वर आली. पाणी देताना ती काही बोलत नसे. नुसती हसायची. ते हसू कुंताबाईला टोमण्यापेक्षा जास्त लागायचं, कारण तिला तसं हसता येत नव्हतं.

कुंताबाई शेगडी पेटवत राहिली. गंज भरून ठेवायची आणि ओट्यावर बसायची. पाणी उकळून उकळून आटायचं. मी एकदा मुद्दाम तिच्याकडून एक गुंडी भरून घेतली तर म्हणाली, “कायले आली? तिकडचं सरलं का?” जळत होती नुसती. शेगडीत भुसा आणि बाहेर ती. मारोतराव बिचारा म्हणाला, “बरं झालं ना, तुह्या जिवाचा तरास वाचला.” त्या दिवशी त्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

पुढचं मला कुंताबाईनं स्वतः सांगितलं, म्हणून सांगते.

मार्गशीर्षात चुरणी, म्हणजे धानाची मळणी झाली आणि तणीस घरी आली. धान काढल्यावर उरलेला हा पेंढा आमच्याकडे गुरांसाठी अंगणात रचून ठेवतात. मारोतराव तणसाचा ढीग रचण्यात एकदम पक्का. त्याचा ढीग वादळातही हलत नाही. दरवर्षी तो घराच्या मागे रचायचा. या वर्षी कुंताबाई म्हणाली, “मांगं उंदीर लागतेत. समोर कुंपनाजवळ रचा.”

त्यानं खाली लाकडांचा माच बांधला, रचायला लागला. पुरुषभर झाला तेव्हा थांबला.

“आनखी उंच घ्या,” ती म्हणाली.

“कायले वो? गाय का शिडी लावून खाते?”

“लोकायले दिसू द्या, मारोतरावचा ढीग कसा असते ते.”

झालं. बाप्यानं कौतुकापायी ढीग छपराच्या वर नेला. वर पेंढ्यांची टोपी घातली, खाली उतरून चारी बाजूंनी फिरून पाहिला. कुंताबाई ढिगाकडे पाहतच नव्हती. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून, खालून खालून जातो. शेतात जन्म गेलेल्या बाईला सावली कुठे पडणार हे कोणी शिकवावं लागत नाही. सकाळचे नऊ-दहा वाजले की ढिगाची सावली कुंपण ओलांडायची, काचेवर चढायची, आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच पसरून राहायची.

“त्या दिवशी मले भूक लागली, कौशल्या,” ती मला म्हणाली. “लय दिवसानं जेवली मी.”

फ्रीजचं पाणी कोमट झालं, मग कोमटही राहिलं नाही. भुपेंद्रनं रविवारी काच काढली, पुन्हा रंग दिला, फटी नव्यानं बुजवल्या. नेमकं त्या रविवारी आभाळ भरून आलेलं, ऊनही नाही आणि सावलीही नाही. तो म्हणाला, पौषातल्या उन्हात जोर कमी असतो. आम्ही बायका म्हणालो, नजर लागली. सुशीलाबाईनं फ्रीजला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधला. बांधला तो कुंताबाईच्या कुंपणाच्या बाजूनं. मला तेव्हा वाटलं, बाई रागानं बांधून राहिली, उगीच कोणावर संशय.

एकेक गुंडी परत कुंताबाईच्या अंगणात आली. तिनं कोणाला एक शब्द बोलून दाखवला नाही, यावरूनच मला समजायला हवं होतं.

त्याच महिन्यात सुशीलाबाईची मुलगी कामिनी बाळंत झाली. लाखांदूरला दिलेली, पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. तुमसरच्या दवाखान्यातून मुलगी घेऊन घरी आली तेव्हा थंडीनं कहर केला होता. कामिनीला लहानपणी कुंताबाईनंच न्हाऊ घातलेलं. मोठीमाय, मोठीमाय करत ती तिच्याच अंगणात वाढली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाई निघाली. पुढे ती, हातात निरगुडीचा पाला. मागे मारोतराव, दोन्ही हातांनी उकळत्या पाण्याचा गंज धरून. आम्ही चारपाच जणी बाळ पाहायला आधीच दारात जमलेल्या.

सुशीलाबाई उंबऱ्यात उभी राहिली. “पानी कायले आनलं, बाई? आमच्या घरी पानी हाय. तुमी नुसते हात घेऊन या.”

“तुह्या पान्यानं लेकराचे हातपाय आकडतीन.”

“भुपेंद्रनं केलं हाय. आमाले पुरते.”

“मंग हातबी तुमचेच पुरू द्या,” कुंताबाई म्हणाली आणि उलट्या पावली फिरली. मारोतराव गंज घेऊन मधेच उभा. पुढे जावं की मागे, त्याला कळेना. शेवटी तो बायकोच्या मागे गेला आणि अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

आता सुशीलाबाईला माघार घेता येईना. चार बायकांसमोर बोलून बसली होती. अंगणात चूल पेटवावी तर धूर कुंताबाईला दिसणार. गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं, ते फ्रीजच्या थंड पाण्यात ओतलं, दुसरं पातेलं तापेपर्यंत पहिलं निवलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा म्हणतात, पण इथं नाक आपलं आणि थंडी लेकीला. कामिनीची आंघोळ तशीच उरकली. बाळाला नुसतं पुसून घेतलं.

हे तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आंघोळीनंतर कामिनीला हुडहुडी भरली. दोन रजया टाकल्या तरी दात वाजत होते. बाळ रडून रडून निळं पडायला आलं होतं. भिंत एकच, कुंताबाईला सगळं ऐकू येत होतं.

“पयले मले बरं वाटलं,” तिनं मला सांगितलं. “खोटं कायले बोलू? म्हनलं, घे आता, कर आंघोळ आपल्या फ्रीजच्या पान्यानं. मंग पोरगी आतून बोलली, मोठीमायले बोलाव वो, माय. अन् तिची माय बोलली, नाई.”

मी तेव्हा माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. कुंताबाई घरातून निघाली ती थेट ढिगाजवळ गेली. मारोतरावला म्हणाली, “खाली घ्या हा.”

“कोन? काय?”

“ढीग.”

“येडी झाली का? येवढी मेहनत...”

ती थांबलीच नाही. लुगड्याचा काचा खोचला, माचाला पाय लावला आणि वर चढून पेंढ्या खाली फेकायला लागली. साठीची बाई! मारोतराव बोंबलला, लोक बाहेर आले. आता कोणी विचारणार, काहून? तर ही वरून ओरडली, “साप! साप शिरला तनसात! मोठा हाय!”

झालं, सारा मोहल्ला काठ्या घेऊन धावला. आमच्याकडे तणसात साप निघतोच कधीमधी, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पोरं, बाप्ये, सगळे तुटून पडले. पेंढी पेंढी झटकून पाहिली. सापाचं नाव नाही. मारोतराव मात्र रडकुंडीला आला होता, आपला ढीग असा उसवला जाताना पाहून. ऊन उतरायच्या आधी सगळी तणीस घराच्या मागे गेली. काचेवर तांबूस ऊन पडलं, पण उपयोगाचं राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, “आता काय करशीन?”

“काय करू? पानी गरम होईन तिचं. मले पाहा लागन.” तिचे डोळे भरून आले होते. दया नव्हती ती. हरल्याचं रडू होतं, आणि मला ते ओळखू आलं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन. कामिनीची आंघोळ त्या दिवशी सकाळी झालीच नाही. दुपारी सुशीलाबाई माझ्या दारात आली. “कौशल्या, बाईले बोलाव ना. पोरगी आयकत नाई. म्हनते, मोठीमाय येईन तं आंग धुईन, नाई तं नाई.”

“तूच बोलाव.”

“तू बोलाव ना वो.”

दोन अंगणांमध्ये एक कुंपण, आणि निरोप घेऊन मी समोरच्या घरातून जायचं! गेले. कुंताबाई तयारच बसली होती. पाला तिच्या ओच्यात होता.

न्हाणीत कामिनी पाटावर बसली, आमच्याकडे पाठ करून. कुंताबाईनं पाय पसरून बाळ पायांवर घेतलं. बाळ किंचाळत होतं. सुशीलाबाईनं तोटीखालून घंगाळ भरून आणलं आणि खाली ठेवलं. वाफेनं भिंतीवर पाणी धरलं. बरं, आता गप्प बसावं की नाही? पण नाही.

“ढीग मांगं गेला तं बरं झालं, बाई,” सुशीलाबाई हळूच म्हणाली. “सावली पडून राहिली होती काचेवर.”

कुंताबाईचा हात थांबला. “तुले कधी दिसली?”

“पयल्या दिवशीच.”

“मंग बोलली काहून नाई?”

“बोलली असती तं मांगा लागलं असतं ना तुमच्यापाशी. ढीग हटवा म्हून.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आन मी कायले मांगू? जलमभर मांगूनच तं आंघोळ केली.”

मी दारात उभी होते. कामिनी पाटावरच गर्रकन वळली, ओल्या केसांनी, आणि एकदा आईकडे, एकदा मोठीमायकडे पाहिलं.

“म्हंजे दोघीयलेबी ठाऊक होतं?” ती म्हणाली. “दोघीयलेबी? आन मी इथं कुडकुडून राहिली होती! माही पोरगी निळी पडून राहिली होती!”

सुशीलाबाई भिंतीकडे पाहायला लागली. कुंताबाईनं मान खाली घालून घंगाळात कोपर बुडवलं आणि चटका बसून लगेच बाहेर काढलं. कोपर लाल झालं होतं.

“इसन आन, सुशीला,” ती म्हणाली. “थंड पानी आन थोडं. लय गरम हाय.”

सुशीलाबाई उठली, थंड पाण्याचा तांब्या भरून आणला आणि स्वतःच्या हातानं घंगाळात ओतला. कुंताबाईनं पुन्हा कोपर घालून पाहिलं. मग ओंजळीनं बाळाच्या पाठीवर पाणी सोडलं, तळव्यानं खालून वर चोळलं, पुन्हा सोडलं. बाळाचं रडणं एकदम थांबलं. मुठी सुटल्या, डोळे मिटले.

कामिनी हुंदका देऊन हसली. आणि त्या दोघी बाळाच्या डोक्यावरून एकमेकींकडे पाहत होत्या, पोर हातानं गप्प झाली की पाण्यानं, हे ठरवायला.